थोरांचे गुण आणि मुलांचा धडा

इंग्रजी वाचनमालेचे कोणतेही पुस्तक उघडले, तर त्यात थोर माणसांच्या गुणांवरील एखादा धडा बहुधा आढळतोच. सत्यनिष्ठा, धैर्य, चिकाटी, विनय, परोपकार अशी पाच-सात गुणांची नावे, प्रत्येकापुढे एखाद्या थोराचे नाव, खाली कठीण शब्दांचे अर्थ आणि शेवटी प्रश्न, असा त्याचा ठरलेला साचा असतो. गुरुजी धडा वाचतात, मुले त्यांच्यामागून वाचतात, अर्थ वहीत उतरवून घेतात आणि ‘तुम्हांस कोणता गुण सर्वांत अधिक आवडतो?’ या प्रश्नास परीक्षेत दहा ओळींचे उत्तर लिहून मोकळी होतात. धडा भाषेचा असल्यामुळे भाषा शिकवून झाली की शिकविणाऱ्याचे कर्तव्य संपले, असे आपण मानतो. परंतु गुणाचे नाव शिकविल्याने गुण शिकविला जातो काय? आणि जात नसेल, तर असा धडा शिकवावा तरी कसा? या प्रश्नाचा विचार गुरुजींइतकाच आईबापांनीही करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पिढ्यान्पिढ्या बडोद्यासारख्या नगरांत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांस तर हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. आपल्या मुलांच्या कानांवर घरात मराठी, बाजारात गुजराती आणि शाळेत इंग्रजी पडत असते. यांपैकी सद्गुणांची नावे ज्या भाषेत ती शिकतात, ती भाषा घरची नव्हे. ‘पर्सिव्हिअरन्स’ हा लांबलचक शब्द मुलगा न चुकता लिहितो. पण ऐन तारुण्यात वैधव्य आले असता शिवणकाम करून ज्या आजीने चार मुलांची शिक्षणे पार पाडली, तिच्या अंगी हाच गुण आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. आजीचा गुण मराठीत आहे आणि पुस्तकातील गुण इंग्रजीत आहे. दोहोंची गाठ कोणी घालूनच दिलेली नाही. अशा रीतीने सद्गुण हा परदेशी थोरांचा विषय होऊन बसतो, आणि परीक्षा संपली की वहीबरोबर तोही रद्दीत जातो.

याहून मोठा धोका पुढेच आहे. मुलांस गुण गोड वाटावा म्हणून आपण गोष्टी सांगतो, आणि त्या गोष्टी खऱ्या आहेत की नाहीत हे पाहात नाही. जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीचे झाड ही गोष्ट इंग्रजी शिकलेल्या कोणास ठाऊक नाही? लहानग्या जॉर्जने कुऱ्हाडीने वडिलांच्या आवडत्या झाडास इजा केली, विचारताच खरे सांगून टाकले, आणि वडिलांनी आनंदाने त्यास पोटाशी धरले. ही कथा मेसन लॉक वीम्स या धर्मोपदेशकाने सांगितलेली आहे. वॉशिंग्टन १७९९ मध्ये निवर्तले. वीम्सचे चरित्र १८०० साली निघाले. आणि झाडाची गोष्ट त्यात आली ती १८०६ च्या आवृत्तीत. तिला दुसरा कोणताही आधार इतिहासकारांस सापडलेला नाही. सत्याचा महिमा सांगणारी जगातील एक अत्यंत लोकप्रिय कथा स्वतःच रचलेली असावी, हा केवढा विरोधाभास! आपल्याकडेही अब्राहम लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांस लिहिले म्हणून एक पत्र वसंत बापट यांच्या सुंदर मराठी अनुवादामुळे घरोघरी पोहोचले. परंतु लिंकनच्या प्रसिद्ध झालेल्या समग्र लेखनात ते पत्र नाही. त्यातील विचार उदात्त आहेत हे खरे. पण ते लिंकनचे म्हणून मुलांस शिकविणे हे खरे नव्हे.

येथे कोणी म्हणेल की, उद्देश चांगला असता एवढी छाननी कशास हवी? छाननी हवी, कारण रचलेल्या गोष्टीत केवळ घटनाच खोटी असते असे नाही, तिचा हिशेबही खोटा असतो. चेरीच्या झाडाची गोष्ट पाहा. मुलगा खरे बोलला आणि त्याच क्षणी त्याचे बक्षीस त्याच्या पदरात पडले. या उलट एक खरी गोष्ट घ्या. तीही बालपणाची आहे, आणि योगायोग असा की ती इंग्रजीच्याच तासाची आहे. राजकोटच्या हायस्कूलात मोहनदास गांधी पहिल्याच वर्षात असताना शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर जाइल्स तपासणीस आले आणि त्यांनी मुलांस पाच इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले. त्यांतील ‘केटल’ या शब्दाचे स्पेलिंग मोहनदासाचे चुकले. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खुणावून शेजाऱ्याच्या पाटीवरून पाहून लिहिण्याचे सुचविले. पण मास्तर तेथे नक्कल होऊ नये म्हणून आहेत, अशीच त्या मुलाची समजूत असल्यामुळे त्यास ती खूण कळलीच नाही. इतर सर्व मुलांचे पाचही शब्द बरोबर ठरले. मूर्ख ठरला तो एकटाच. मागाहून मास्तरांनी त्यास त्याचा मूर्खपणा समजावून देण्याचाही प्रयत्न केला. ही हकिकत गांधींनी स्वतःच आपल्या आत्मकथेत सांगितली आहे.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे आमचे म्हणणे वाचकांच्या लक्षात येईल. पहिल्या गोष्टीत सत्य स्वस्त आहे. दुसऱ्या गोष्टीत त्यास किंमत पडली आहे. तेथे शाबासकी नाही, आलिंगन नाही. उलट वर्गात फजिती आहे, आणि ती करणारा शिक्षकच आहे. पहिल्या गोष्टीवर वाढलेला मुलगा जगात जाऊन एकदा खरे बोलतो, बक्षीस मिळत नाही असे पाहतो, आणि ‘पुस्तकातले पुस्तकात’ असे म्हणून सत्यास रामराम ठोकतो. दुसरी गोष्ट ज्यास नीट समजली, तो निदान फसविला जात नाही. खरे वागल्याने आपण कधी कधी एकटे पडतो आणि तरीही ते वागणे योग्यच असते, हे त्यास अगोदर ठाऊक असते. गुणाची किंमत लपवून गुण शिकविणे हे नाणे न दाखविता व्यापार शिकविण्यासारखे आहे.

चिकाटीचेही तसेच. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव या गुणासाठी घेतात, आणि १९५८ साली वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांस भारतरत्न मिळाले हे सांगून धडा संपवितात. परंतु चिकाटी भारतरत्नात दिसत नाही. ती दिसते कोकणातील मुरूडहून परीक्षेसाठी साताऱ्यास पायी गेलेल्या मुलात. घाट चढून शंभराहून अधिक मैल तुडवीत तो तेथे पोहोचला. आणि अंगाने लहानखुरा दिसत असल्यामुळे त्याचे वय पुरेसे आहे हे परीक्षकांस पटेना, म्हणून त्यास परीक्षेस बसूच दिले नाही. एवढी पायपीट करून हाती आले ते शून्य. पुढे १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा त्याच मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रमाचे कार्य आरंभिले आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. साताऱ्याची ती निष्फळ वाट आणि गावाने पाठ फिरविल्याचे ते दिवस वगळले, तर ‘चिकाटी’ या शब्दात उरते काय?

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल. सर्व गोष्टींस इतिहासाची कसोटी लावावयाची, तर ध्रुव, प्रल्हाद आणि हरिश्चंद्र यांच्या कथा देवळात सांगावयाच्या की नाही? अवश्य सांगाव्या. कथा ही कथा म्हणून सांगितली असता ते असत्य होत नाही. कालपरवाची बातमी म्हणून रचीव गोष्ट खपविली, तर ते असत्य होते. शिवाय आपल्या पुराणकारांनी हिशेब खोटा मांडलेला नाही. हरिश्चंद्राचे राज्य गेले, पत्नी आणि पुत्र विकावे लागले, आणि स्मशानात चाकरी पत्करावी लागली; सत्याचे मोल त्या कथेत पुरेपूर मोजलेले आहे. म्हणूनच हरिश्चंद्राचे नाटक पाहून बालवयात गांधींचे मन भारून गेले, आणि पुढे तो राजा ऐतिहासिक नसेलही असे वाटत असतानासुद्धा त्याचा प्रभाव त्यांच्यावर कायम राहिला.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. थोरांचे दोष मुलांस सांगावे काय? पुष्कळांस वाटते की, त्यामुळे आदर ढळेल. आमच्या मते आदर ढळतो तो दोष कळल्यामुळे नव्हे, तर ते लपविले होते असे पुढे कळल्यामुळे. वॉशिंग्टन जन्मभर गुलामांचे धनी होते, आणि आपल्या मालकीचे गुलाम पत्नीच्या पश्चात मुक्त व्हावे अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकत्रच सांगितल्या पाहिजेत. गांधींनी तर आपल्या बालपणीची चोरी स्वतःच लिहून ठेवली. भावाच्या सोन्याच्या कड्यातील तुकडा त्यांनी चोरला, मन खाऊ लागले तेव्हा चिठ्ठी लिहून वडिलांच्या हाती दिली, आणि आजारी वडिलांनी अश्रू ढाळीत ती फाडून टाकली. ज्या मुलाने कधी काही चोरून घेतले असेल, त्यास निर्दोष थोरांची यादी काय देणार? ‘ते थोर, आपण क्षुद्र’ एवढेच त्यास वाटेल आणि तो सुटकेचा निःश्वास टाकील. केवळ पूजा ही अनेकदा अनुकरण टाळण्याची सोयीस्कर वाट असते. परंतु चुकलेला आणि सावरलेला मोहनदास त्याच्या शेजारी येऊन बसतो.

मग धडा कसा शिकवावा? याचे उत्तर आपल्या घरातच आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्थितप्रज्ञाविषयी विचारतो, तेव्हा विशेषणांची यादी मागून तो थांबत नाही. असा पुरुष बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, हे त्यास जाणून घ्यावयाचे असते. आणि तेराव्या अध्यायात अहिंसा हा एक शब्द आला असता श्रीज्ञानेश्वरमहाराज त्याचा नुसता अर्थ देऊन पुढे जात नाहीत. जीवमात्रास धक्का लागू नये म्हणून अहिंसक पुरुष पाऊल कसे टाकतो, बोलतो कसा, त्याची दृष्टी आणि त्याचे हात कसे वागतात, याचे ते विस्ताराने वर्णन करतात. नामाचे क्रियापद करून दाखविणे हीच ती रीत, आणि इंग्रजीच्या तासालाही ती तितकीच लागू पडते.

धड्यातील प्रत्येक गुणासंबंधी चार प्रश्न विचारावे, अशी आमची सूचना आहे. हा गुण कोणत्या कृतीत दिसला? त्यापायी त्या माणसास काय सोसावे लागले? हे घडले असे आपण कशावरून म्हणतो? आणि या गुणास आपल्या घरी काय म्हणतात व तो कोणाच्या अंगी आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मुलाने मोडक्यातोडक्या का होईना, पण स्वतःच्या इंग्रजीत द्यावी. पाठ केलेल्या दहा ओळींपेक्षा त्याने भाषाही अधिक पक्की होईल. चौथ्या प्रश्नाचे उत्तर त्याने घरी विचारून आणावे आणि ते मराठीत असावे.

हा चौथा प्रश्न मुलाने घरी विचारला म्हणजे खरी परीक्षा त्याची नसून आपली असते, हे आपण ओळखले पाहिजे. प्रामाणिकपणा कोणाच्या अंगी आहे, असे मुलगा विचारीत असता आपण दुकानाच्या हिशेबाची दुसरी वही लिहीत बसलेलो असू, तर त्या दिवशीचा धडा गुरुजींनी नव्हे, आपण शिकविलेला असेल. इंग्रजी शाळा शिकवील. गुण मात्र जेथे त्याची किंमत मोजलेली मूल डोळ्यांनी पाहते, तेथेच ते शिकते.