शेजाऱ्याचे ऊन

गेल्या मार्गशीर्षात आमच्या गल्लीच्या दक्षिण टोकाला, जिथे एक जुना वाडा पडून नुसता चौथरा उरला होता, तिथे पत्रे ठोकले गेले आणि त्यांवर रंगीत फलक लागला. सात मजले, खाली गाड्यांची सोय, वर गच्चीवर बाग. देवासच्या जुन्या वस्तीत सात मजले म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. आमच्याकडे अजून दुमजली घराला लोक मोठे घर म्हणतात आणि नजर वर गेली तर ती माताजीच्या टेकडीवरच थांबते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गल्लीतली बारा-तेरा माणसे माझ्या ओसरीवर जमली. मी गणिताचा निवृत्त शिक्षक, हिंदी-मराठी दोन्ही बरी लिहितो, तेव्हा नगर निगमकडे द्यायची ‘आपत्ती’ मी लिहावी असे ठरले. (हरकतीला आपण इकडचे मराठी लोक सर्रास आपत्ती म्हणतो. पुण्याच्या पाहुण्याला वाटते, गल्लीत पूर आला की काय.) पहिले वाक्य एका भाईसाबांनी तयारच आणले होते: हम इस मोहल्ले के पुराने निवासी हैं.

ते मी लिहिले आणि तिथेच हात थांबला. पुराने म्हणजे किती पुराने?

तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू 1728 च्या सुमारास इथे स्थिरावले. त्यांच्यामागून कारकून आले, शास्त्री आले, शिलेदार आले, आणि माझे खापरपणजोबाही आले. एकाच गावात थोरली आणि धाकटी अशी दोन राज्ये नांदली. बडी पाँती, छोटी पाँती हे शब्द म्हातारी माणसे अजून वापरतात. रस्त्यांची वाटणी झाली, टेकडीचीही झाली. ई. एम. फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचा सचिव म्हणून इथे राहिला. पुढे 1953 मध्ये त्याने जे पुस्तक काढले त्याला नाव दिले ते या टेकडीवरूनच. पण या साऱ्या कथेत जो माळवी शेतकरी आधीपासून पायथ्याशी राहत होता, त्याला कोणी विचारले होते का, की बाबा रे, तुझ्या झोपडीसमोर आम्ही दोन चौकांचा वाडा बांधतो, तुझी काही आपत्ती? आम्हांला कित्येक वर्षे इथे ‘दक्षिणी’ म्हणत. आलेली माणसे असा त्याचा सरळ अर्थ.

एवढे मागे कशाला जा? कुमार गंधर्व हे बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे. 1948 साली क्षयाने खंगलेल्या अवस्थेत ते देवासला आले ते इथल्या कोरड्या हवेसाठी. पुढची काही वर्षे गाणे बंद, अंथरुणावर पडून नुसते ऐकणे. आणि त्या ऐकण्यातून माळव्याची लोकगीते त्यांच्या गळ्यात कशी उतरली हे आपण सगळे जाणतो. 1992 च्या जानेवारीत ते गेले तेही इथेच. आज त्यांच्याइतका देवासचा दुसरा कोण? म्हणजे गावाचा होण्यासाठी आधी येणे ही काही अट नाही. उशिरा आलेल्या माणसाने गावाला काय दिले, हे आधी आलेल्याला पुष्कळदा माहीतही नसते.

म्हणून मी म्हटले, पहिले वाक्य काढून टाकू. ते कोणाला आवडले नाही.

मग कारणे सुरू झाली. पाणी एक दिवसाआड येते, सात मजल्यांना कुठून पुरणार? खरे आहे. गल्ली अकरा फुटांची, आग लागली तर बंब कसा शिरणार? अगदी खरे आहे. नाली आत्ताच तुंबते. हेही लिहिले. मग कोणीतरी हळूच म्हणाले, “आणि दादा, कोण कुठली माणसं येऊन राहतील, काय भरवसा? कारखान्यातली एकटी पोरं, नाही तर आणखी कोणी.” ‘आणखी कोणी’ म्हणताना आवाज आणखी खाली गेला. ओसरीवरचे सगळे गप्प बसले आणि त्या गप्पपणातच मला कळले, की पाणी, बंब आणि नाली ही कारणे खरी असली तरी काहींच्या मनातली आपत्ती ही आहे. ते वाक्य मी लिहिले नाही. लिहिणार नाही असे मोठ्याने सांगायला हवे होते. तेवढे धैर्य मला त्या क्षणी झाले नाही. चष्मा पुसत बसलो.

रात्री मुलीचा फोन आला. ती पुण्याला बाणेरच्या एका इमारतीत अकराव्या मजल्यावर राहते. मी सगळी हकीगत सांगितली तर हसून म्हणाली, “बाबा, आमच्या इमारतीच्या मागे एक बंगली आहे. तिथल्या आजी सकाळी खुर्ची उचलून उचलून ऊन शोधत हिंडतात. मी रोज बाल्कनीतून बघते.” गेल्या वर्षी मी तिच्याकडे महिनाभर राहिलो, त्याच बाल्कनीत बसून टेकडीवरचा सूर्यास्त पाहिला आणि काय छान मोकळे आहे असे रोज म्हटले. खाली बघायचे मला सुचलेही नव्हते.

तेव्हापासून हा प्रश्न मला सोडत नाही. आपल्याला मिळालेले ऊन, वारा, समोरची टेकडी यांतले आपले म्हणून नेमके काय असते?

कायदा याचे उत्तर अर्धे देतो. 1882 चा एक कायदा आहे, त्याला हिंदीत फार गोड नाव आहे: सुखाचार अधिनियम. घराच्या खिडकीतून वीस वर्षे विनातक्रार येणारा उजेड आणि वारा हा घराचा हक्क होऊ शकतो, असे तो म्हणतो. मात्र उघड्या जमिनीवर येणाऱ्या उजेडावाऱ्याचा तसा हक्क वहिवाटीने मिळत नाही. म्हणजे खिडकीचे ऊन मागता येईल, अंगणातले नाही. आणि समोरच्या दृश्याचे तर नावच काढू नका. इंग्लंडमध्ये 1610 साली ऑल्ड्रेड नावाच्या माणसाच्या खटल्यात न्यायाधीशांनी म्हटले, की दूरवरचे दृश्य ही आनंदाची गोष्ट आहे, गरजेची नव्हे, त्यासाठी दावा चालणार नाही. कोरडा निवाडा आहे, पण मला तो अन्यायाचा वाटत नाही. ज्याच्या त्याच्या नजरेला जे सुंदर दिसते त्यावर प्रत्येकाने मालकी सांगितली तर जगात कोणालाच दुसरी वीट रचता येणार नाही. टेकडी दिसत नाही एवढ्यावर मी कोणाचे घर अडवू शकत नाही. मला दुःख होईल, ते मी सोसले पाहिजे.

पण सगळेच सोसायचे असेही नाही. नोएडातल्या जोड मनोऱ्यांचे प्रकरण वाचकांना आठवत असेल. 28 ऑगस्ट 2022 रोजी ते स्फोटकांनी काही सेकंदांत खाली आणले, आणि तेवढी दृश्ये सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिली. त्यामागचा खटला मात्र फारसा कोणी वाचला नाही. सुपरटेक कंपनीच्या त्याच संकुलात आधीपासून राहणाऱ्या रहिवाशांनी तो चालवला होता. जिथे बाग दाखवली होती तिथे मनोरे उठले. दोन इमारतींत सोळा मीटर अंतर हवे होते, तिथे नऊच मीटर राहिले. जुन्या घरमालकांची संमती घ्यायला हवी होती, ती घेतली नाही. 2014 साली उच्च न्यायालयाने आणि 31 ऑगस्ट 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने मनोरे पाडा असे सांगितले. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की भांडणारी माणसे काही बैठ्या घरांतली नव्हती. तीही उंच इमारतींतच राहत होती. आम्ही आधी आलो असे त्यांचे म्हणणे नव्हते आणि उंची वाईट असेही नव्हते. ज्या मापाने आमची घरे उभी राहिली ते माप तुम्हालाही लागू आहे, एवढेच ते म्हणत होते.

माप हा शब्द मिळाला तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. आपल्या शेजारच्या उज्जयिनीचा वराहमिहिर बृहत्संहितेत घराच्या दारासमोरच्या वेधाविषयी सांगतो. रस्ता, झाड, कोपरा, विहीर, खांब हे दारासमोर येणे अशुभ. पण लगेच पुढे म्हणतो, की उंचीच्या दुप्पट जमीन मध्ये सोडली तर दोष नाही. शुभाशुभाशी मला कर्तव्य नाही. पण मी वही घेऊन हिशेब मांडला. देवास आणि धार दोन्ही कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला. डिसेंबरच्या 22 तारखेला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, भर मध्यान्ही आपल्याकडे कोणत्याही वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी पडते, आणि घड्याळात साडेतीन वाजण्याच्या सुमारास ती दुप्पट होते. वराहमिहिराच्या मनात हेच होते असा दावा मी करत नाही. तो दाराबद्दल बोलतो आहे. तरी दुप्पट जमीन सोडणाऱ्या माणसाने शेजाऱ्याला थंडीतल्या दिवसाचा मोठा भाग परत दिला, एवढे गणित मांडता येते.

सत्तर फुटांची इमारत, तिच्या उत्तरेला आमची अंगणे. मी नवी आपत्ती लिहिली. बांधू नका असे नाही. पौषातल्या मध्यान्हीचे ऊन मागच्या अंगणांत पोचेल इतके अंतर सोडा, नाही तर इतकी उंची कमी करा. पाणी आणि बंब हे मुद्दे होतेच. कोण राहायला येणार याबद्दल अक्षर नाही. वाचून दाखवल्यावर एक वहिनी म्हणाल्या, “दादा, तुम्ही आमचे वकील की त्यांचे?” तेरापैकी सात सह्या झाल्या.

आता जे लिहायचे ते जरा जड जाते. धारला आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. 1775 साली ज्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला तो किल्ला वाड्याच्या गच्चीवरून दिसतो. त्यात माझा निम्मा हिस्सा. तिथे चुलतभाऊ राहतो, आणि पावसाळ्यात कवेलू फुटून त्याच्या स्वयंपाकघरात पाणी येते. दोन वर्षांपासून एक खरीददार मागे लागला आहे. पाच मजले काढणार म्हणतो. आम्ही तोंडी होकार दिला होता. वाड्याच्या उत्तरेला एका माळवी कुटुंबाचे अंगण आहे. माझ्या लहानपणी तिथल्या काकी हिवाळ्यात बाजेवर बसून मेथी निवडत आणि आम्हां मुलांना भुईमुगाच्या शेंगा देत. त्यांची सून आता तिथेच बसते.

देवासला सही करून मी वही धारच्या बाजूने उघडली. पाच मजल्यांचे पन्नास फूट. मध्ये जागा दहा फूट.

चुलतभावाला फोन केला. तीन मजले आणि उत्तरेला तीस फूट मोकळे सोडायचे, असे रजिस्ट्रीत लिहून घेऊ म्हणालो. खरीददार भाव एकदम उतरवेल, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, तू तिकडे बसून शेजाऱ्यांचं ऊन मोजतोस, माझ्या डोक्यावर पाणी गळतं ते कोण मोजणार?” त्याचे चुकले असे मला म्हणता येईना. शेवटी मी म्हटले, भाव जेवढा उतरेल तेवढा माझ्या हिश्शातून कापून घे, तुझ्या रकमेला हात लावू नकोस. हिला अजून सांगितलेले नाही. मुलीच्या पुण्याच्या घराच्या कर्जाला त्यातूनच हातभार लावायचा होता.

त्याचे उत्तर अजून आलेले नाही. दिवाळीला धारला जाईन तेव्हा मोजपट्टी बरोबर नेणार आहे, कारण ते दहा फूट मी आठवणीतूनच धरले आहेत.