आधी बिजागर, मग स्ट्रायकर

रत्नागिरी
मे महिन्याची अखेर

चि. बाळू यास,

दार उघडून, मान बाहेर काढून गाडी मागे घ्यायची तुझी सवय शेवटी महागात पडली म्हणायची. दार फाटकाच्या चिऱ्याच्या खांबाला अडकून पुढे मुरडलं, आता लोंबतंय आणि दणकन आपटल्याशिवाय लागत नाही, असं ताई सांगत होती. नव्या दाराचा आणि पेंटिंगचा आकडा ऐकून तू हबकलास, ते साहजिकच आहे. वीस वर्षांच्या मारुती 800 वर एवढा खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यात तुझा विमा नुसता थर्ड पार्टी, म्हणजे स्वतःच्या दारासाठी छदामही मिळायचा नाही. तेव्हा घरीच कर, पण क्रमाने कर.

पाना हातात घेण्याआधी दोरी घे. दाराच्या मोकळ्या चौकटीत एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ती तिरकी ताण आणि मापाला गाठ मार. तेच माप पलीकडच्या दाराच्या चौकटीला लावून बघ. मग दुसरी तिरकी रेघही तशीच मोज. फरक स्पष्ट दिसला तर दार नाही, गाडीचा खांब वाकलाय. ते काम घरचं नव्हे. सरळ डेंटरकडे जा. खांबावर अंगणात हातोडा चालवायचा नाही.

माप जुळलं तर दार अर्धं उघड, मागच्या कडेला धरून वर-खाली हलव आणि बिजागराकडे बघ. पिनेत खडखड होत असेल तर पिन झिजली आहे. ती किंवा बिजागर बदलल्याशिवाय कितीही सेट केलंस तरी दार पुन्हा लोंबणार. पिन घट्ट असून दार खाली बसलं असेल, तर बिजागर सरकलंय किंवा मुरडलंय.

आता स्ट्रायकर काढ. लॉक ज्या खुंट्यात अडकतं तो. पण आधी पेन्सिलने त्याच्याभोवती खूण कर. बहुतेक जण पहिल्यांदा स्ट्रायकरच ठोकत बसतात, आणि वाकडं दार वाकड्या जागी जबरदस्तीने बसवतात. खुंटा नसताना दार हलकेच लाव. ते मूळचं कुठे बसतं, फेंडरशी आणि मागच्या खांबाशी फट किती राहते, हे तेव्हाच खरं दिसतं. पलीकडचं धड दार समोर आहेच. तेच तुझं मोजमाप.

बिजागराभोवतीही खुणा कर. काच खाली घे. दाराखाली जॅक लाव. मध्ये लाकडाचा तुकडा आणि जाड फडकं ठेव. कोणीतरी दार धरायला हवं, एकट्याने करू नकोस. बोल्ट काढायचे नाहीत, दार सरकेल इतपतच सैल करायचे. मागची कड खाली असेल तर वरचं बिजागर किंचित पुढे घे, कड वर येईल. एका वेळी एकच बिजागर, आणि केसभरच. आवळ, लाव, बघ, पुन्हा सैल कर. काही गाड्यांत बिजागर वेल्ड केलेलं असतं. तिथे या युक्तीचा उपयोग नाही.

फटी जुळल्या की मगच स्ट्रायकर लाव. दार लागताना शेवटच्या क्षणी वर उचललं जात असेल तर खुंटा उंच आहे, खाली दबत असेल तर खुंटा खाली आहे. मागची कड बाहेर राहिली तर खुंटा आत सरकव. लॉकचे दोन खटके नीट वाजले पाहिजेत. एकाच खटक्यावर अडकलेलं दार वळणावर उघडू शकतं, म्हणून दोन खटके लागेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नकोस. दोरीने बांधून तर मुळीच नको.

मग वर्तमानपत्राची पट्टी फटीत धरून दार लाव आणि पट्टी ओढ. सुळकन निघाली तर तिथलं रबर दबत नाही, पाणी तिथूनच येणार. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे ही परीक्षा सोडू नकोस. अजून एक: काचेच्या फटीतून पाणी दाराच्या पोकळीत उतरतंच, ते खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर जायला हवं. धडकेने ती कड चेपली असेल किंवा भोकं चिखलाने बुजली असतील, तर तारेने मोकळी कर. नाहीतर दार आतून सडेल. जिथे रंग उडून पत्रा उघडा पडलाय तिथे पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइड लाव. खारा वारा उघड्या पत्र्याला टिकू देत नाही.

पोचा राहिला तर राहू दे. दार नीट लागणं महत्त्वाचं, चकाकणं नाही. पाऊस यायला आठवडाच उरलाय, तेव्हा या रविवारीच शेजारच्या कोणाला तरी मदतीला घेऊन हे उरकून टाक. आणि यापुढे गाडी मागे घेताना दार बंद ठेवून आरसा वापर.

तुझा,
मामा