किंकाळी कोणाची?

न्यूयॉर्कमधील 'सुइसाइड' या दोघांच्या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १९७७ च्या अखेरीस 'रेड स्टार' या कंपनीने प्रकाशित केली. तिलाही बँडचेच नाव होते. ॲलन वेगा गात असे, तर मार्टिन रेव्ह विजेवरचा ऑर्गन आणि तालयंत्र सांभाळीत असे. गिटार नव्हती आणि ड्रमवादकही नव्हता. पुढे ज्याला 'इलेक्ट्रो-पंक' हे नाव मिळाले, त्याच्या आरंभीच्या कृतींत या ध्वनिमुद्रिकेची गणना होते. तिच्यातील सात गीतांपैकी सहावे, 'फ्रँकी टिअरड्रॉप', दहा मिनिटांहून अधिक लांबीचे आहे. संगीताच्या इतिहासात त्याला स्थान मिळाले, परंतु नीतिविचाराच्या क्षेत्रात त्याने निर्माण केलेली अडचण अद्याप सुटलेली नाही.

गीताचे कथानक चार वाक्यांत सांगता येण्याजोगे आहे. फ्रँकी वीस वर्षांचा विवाहित कामगार आहे. कारखान्यात दिवसभर राबूनही त्याला घर चालवता येत नाही, आणि राहते घरही हातचे जाण्याची वेळ आली आहे. तो आपल्या तान्ह्या मुलाला व पत्नीला ठार मारतो आणि अखेर स्वतःलाही संपवतो. मृत्यूनंतरही निवेदन थांबत नाही, ते नरकापर्यंत जाते. हे सारे वेगा जवळजवळ कुजबुजत सांगतो. आणि मधूनमधून, कोणतीही पूर्वसूचना न देता, किंकाळी फोडतो.

असे काही ऐकण्याचे बंधन श्रोत्यावर आहे काय? इंग्रज कादंबरीकार निक हॉर्नबी याने २००३ च्या '३१ साँग्ज' या पुस्तकात या गीताला जवळजवळ नकारच दिला आहे. भयाची ओळख करून देण्यास जीवन पुरेसे समर्थ आहे, त्यासाठी कलेचे साहाय्य घेण्याची गरज नाही, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय. हा आक्षेप केवळ सुखलोलुप श्रोत्याचा म्हणून बाजूला सारता येणार नाही. दुःखाचे दर्शन घडवले की कलेचे नैतिक कर्तव्य पार पडले, या सोयीस्कर समजुतीला तो छेद देतो.

भयाच्या आस्वादाचा प्रश्न भारतीय साहित्यशास्त्राला नवा नाही. 'अभिनवभारती'त अभिनवगुप्ताने 'शाकुंतला'तील दुष्यंताच्या बाणापुढे धावणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. तेथील भय 'मी भ्यालो' किंवा 'तो भ्याला' अशा व्यक्तिसंबंधातून मुक्त होते. देशकालाची बंधने गळून पडतात, आणि म्हणूनच ते आस्वाद्य ठरते. वेगाची किंकाळी नेमकी ही मुक्ती नाकारते. श्रोता दचकतो तो फ्रँकीसाठी नव्हे. त्याचे स्वतःचे शरीर दचकते. रसविघ्न येथे अनवधानाने आलेले नसून ते रचनेचे अंगच आहे.

मर्ढेकरांच्या लयविचाराच्या साहाय्याने हे अधिक स्पष्ट करता येईल. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांची तीन तत्त्वे. रेव्हचे तालयंत्र दहा मिनिटे एकच ठोका देत राहते. हा निव्वळ संवाद होय. किंकाळी हा विरोध होय. समतोल मात्र अखेरपर्यंत साधला जात नाही, कारण यंत्र किंकाळीची दखलच घेत नाही. माणूस वाजवीत असता तर क्षणभर तरी थबकला असता. यंत्र थबकत नाही, आणि फ्रँकीचा कारखानाही त्याच्यासाठी थबकला नसता. अर्थात येथे रचनेतील दोष हाच आशय झाला आहे. ज्या जगात तोल उरलेला नाही, त्याचे तोल साधलेले चित्र असत्य ठरले असते.

तथापि मूळ प्रश्न शिल्लक राहतो: किंकाळी कोणाची? निवेदन मुख्यतः तृतीय पुरुषी आहे, पण किंकाळीला पुरुष नसतो, वचन नसते. ती फ्रँकीची म्हणावी तर निवेदकाने त्याचे दुःख बळकावले असे होईल. निवेदकाची म्हणावी तर ते प्रदर्शन ठरेल. वस्तुतः ती जिथे येते तिथे भाषा संपलेली असते. गुन्ह्याचे समर्थन करणारे वाक्यही तिथे उच्चारता येत नाही आणि निषेधाचेही. या निर्वाक् जागेतच गीताची सचोटी आहे. कृत्य घडताच निवेदक एखाद्या रंगमंचावरील सूत्रधारासारखा फ्रँकीसाठी टाळ्या मागतो, तेव्हा तर श्रोत्याच्या हातांनाच तो आरोपी करतो. १६ जून १९७८ रोजी ब्रुसेल्स येथे हा बँड एल्व्हिस कॉस्टेलोच्या आधी मंचावर आला, तेव्हा श्रोत्यांनी हुर्यो उडवली, ध्वनिक्षेपक हिसकावून नेला आणि अवघ्या २३ मिनिटांत कार्यक्रम आटोपला. हॉर्नबीचा नकार विचारपूर्वक दिलेला होता, ब्रुसेल्सचा नव्हता. परंतु टाळ्या न देण्यात दोन्ही एक आहेत.

मात्र गीताची ही सचोटी शेवटपर्यंत टिकत नाही. आपण सारेच फ्रँकी आहोत, अशा अर्थाच्या उद्गाराने ते संपते. एकूण गीतात साधारणीकरणाच्या सर्वांत जवळ जाणारा क्षण हाच, आणि नैतिकदृष्ट्या सर्वांत दुबळाही हाच. कारण या 'सारे'मध्ये ती पत्नी आणि ते मूल नाही. पत्नीला नाव नाही, मुलाला नाव नाही, दोघांपैकी कोणालाही एक शब्द मिळालेला नाही. पीडित कामगाराशी तादात्म्य पावणे म्हणजे त्याच क्षणी मारेकऱ्याशीही तादात्म्य पावणे होय, हे तो उद्गार विसरतो. शोषणातून हिंसेचा उगम दाखवणाऱ्या पुष्कळ साहित्यकृतींत हीच चूक घडते: कारणपरंपरेचा शोध घेता घेता ज्याच्यावर ती परंपरा अखेर कोसळली तोच दिसेनासा होतो.

म्हणून या गीताचे मूल्यमापन त्याच्या अंतिम वाक्यावरून नव्हे, तर त्याच्या किंकाळीवरून करणे न्याय्य होईल. वाक्य एकाच्या नावाने बोलते. किंकाळीवर मात्र फ्रँकीइतकाच त्या दोघांचाही हक्क सांगता येतो, आणि वेगाने तो हक्क कोणाच्याही नावे लिहून दिलेला नाही. ऐकणाऱ्याने ती ऐकताना निदान एवढे विचारावे, की आपण तिच्यात कोणाला ऐकत आहोत आणि कोणाला ऐकण्याचे टाळत आहोत.