पहिला रुपया कोणाचा?

सरकारने शिक्षणावर किती खर्च करावा, हा प्रश्न अर्थशास्त्राचा मानला जातो. मला तो आधी नीतीचा वाटतो. तिजोरीतला पैसा सर्वांना पुरेल एवढा कधीच नसतो. म्हणूनच पहिला रुपया कोणाच्या हाती ठेवला, यावरून राज्याची वृत्ती कळते. भारत आणि श्रीलंका यांचे हिशेब शेजारी शेजारी मांडले, की हे चांगले ध्यानात येते.

राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणाला द्यावेत, असे कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचविले. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ते स्वीकारले. २०२० च्या धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. मधल्या अर्धशतकात केंद्र आणि राज्ये मिळूनही आपण तिथवर पोहोचलो नाही. श्रीलंकेत तर गेल्या दोन-तीन दशकांत हा खर्च साधारण २ टक्क्यांच्या आसपासच राहिला. २०१२ साली तिथले विद्यापीठीय प्राध्यापक संपावर गेले, तेव्हा त्यांची मागणीही हीच होती : ६ टक्के द्या!

मग तिथली साक्षरता ९० टक्क्यांच्या वर आणि आपली २०११ च्या जनगणनेत ७४ टक्के, हे कसे? एक उत्तर असे, की टक्का फसवा असतो. तिथले दरडोई उत्पन्न आपल्याहून अधिक, लोकसंख्येत मुलांचे प्रमाण कमी. त्यामुळे वाटा लहान दिसला तरी एकेका मुलाच्या पदरात अधिक पडतो.

दुसरे उत्तर क्रमाचे आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगरा या मंत्र्यांच्या आग्रहाने तिथे १९४५ साली, स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीच, बालवर्गापासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण मोफत झाले. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून ठरले. खेड्यापाड्यांतील हुशार मुलांसाठी मध्यवर्ती विद्यालये निघाली. आपल्या घटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे योजिले होते. ती मुदत १९६० साली उलटली. १९६१ पर्यंत आपल्या पाच आयआयटी मात्र उभ्या राहिल्या. शिक्षण हक्क कायदा अमलात यायला २०१० उजाडले.

आयआयटी नकोत, असे मी म्हणत नाही. धरणे आणि कारखाने बांधायला अभियंते लागतातच. पण उद्याच्या समृद्धीसाठी आजच्या मुलाला थांबा म्हणण्याचा अधिकार कोणाला? मुलाचे बालपण थांबत नाही. सातव्या वर्षी न भेटलेली शाळा सतराव्या वर्षी भरून देता येत नाही.

हे आपल्याला कोणी सांगितले नव्हते, असेही नाही. रयतेच्या पैशातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. सयाजीरावांनी १९०६ साली बडोदे संस्थानात आणि शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. गोखल्यांनी १९११ साली मांडलेले विधेयक कायदेमंडळाने फेटाळले. म्हणजे दोन संस्थानांना जे जमले, ते साम्राज्याला परवडेना!

तरीही श्रीलंकेची आरती ओवाळून चालणार नाही. १९५६ च्या कायद्याने सिंहली ही एकटीच राजभाषा झाली. पुढे १९७० नंतरच्या दशकात विद्यापीठप्रवेशासाठी तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांना सिंहली माध्यमाच्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक गुण मिळवावे लागले. शाळा दोघांनाही फुकट, पण पुढचे दार एकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद. १९८३ पासून २००९ पर्यंत चाललेल्या यादवीची कारणे अनेक होती. हा सल त्यांत मोठा होता. घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी अशा जिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणून अंदाजपत्रक आले, की वाचकहो, टक्का अवश्य पाहावा. पण तिथेच थांबू नये. पहिला रुपया शेवटच्या मुलापर्यंत गेला का, आणि तो त्याला समजणाऱ्या भाषेत गेला का, हेही विचारावे. पहिल्या प्रश्नात आपण उणे ठरलो, दुसऱ्यात श्रीलंका. दोन्हींचे होकारार्थी उत्तर देणारे राज्य थोडे गरीब असले तरी त्याला न्यायी म्हणता येईल.