न्यायासनाचा जमाखर्च

देवस्थानचा वार्षिक जमाखर्च महाजनांपुढे वाचला जातो, तेव्हा तेलवातीचा, नैवेद्याचा आणि डागडुजीचा पैन् पै विचारण्याचा त्यांचा हक्क कोणी नाकारीत नाही. पण एखादा महाजन उठून, 'मनाजोगा कौल मिळाला नाही, तर पुजाऱ्याचे मानधन बंद करू' असे म्हणेल, तर सारी सभा त्यास गप्प बसवील. हिशेब विचारणे ही देवाची सेवा; हिशेबाच्या आडून कौल मागणे हा देवाचा द्रोह. उच्च न्यायालयाच्या खर्चावर लोकप्रतिनिधींनी देखरेख ठेवावी काय, या प्रश्नाचे मर्म आम्हांस याच भेदात दिसते.

नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनानंतर राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून रामशास्त्री प्रभुणे पुणे सोडून गेले, ही परंपरेने चालत आलेली कथा मराठी घरांत आदराने सांगितली जाते. शास्त्रीबुवांच्या तेजाला आपण वंदन करतो. परंतु त्या कथेतले राज्यव्यवस्थेचे वैगुण्य क्वचितच ध्यानी घेतो. ज्याचा न्याय करावयाचा, त्याच्याच हाती न्यायाधीशाची उपजीविका होती; म्हणून सत्य सांगणाऱ्यास पद सोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

१९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने हे वैगुण्य दूर करण्याचा यत्न केला. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन व भत्ते आणि न्यायालयाचा प्रशासकीय खर्च ही कलम २०२ व २२९ अन्वये राज्याच्या एकत्रित निधीवर भारित आहेत. कलम २०३ प्रमाणे असा खर्च विधानसभेत मतास टाकता येत नाही. चर्चा मात्र करता येते. वेतन किती असावे हे संसद कायद्याने ठरविते, आणि झालेल्या खर्चाची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. न्यायाधीशाच्या कर्तव्यपालनातील वर्तनाची चर्चा मात्र कलम २११ ने विधिमंडळास वर्ज्य केली आहे. जीभ मोकळी ठेवली, पण हात बांधले, असा हा विवेक आहे.

यावर कोणी म्हणेल, मत नाही तर नुसत्या चर्चेचा उपयोग काय? कोणी भक्तिभावाने म्हणेल, न्यायमंदिरास पैशाचा प्रश्न विचारणेच अनुचित. आम्हांस दोन्ही मते मान्य नाहीत. इमारत का रखडली, लेखनिकांच्या जागा रिकाम्या का, मंजूर रक्कम अखर्चित का राहिली, हे प्रश्न निकालाला स्पर्श करीत नाहीत. ते पक्षकाराच्या कनवटीला आणि आयुष्याला स्पर्श करतात. जनतेच्या पैशाचा उघड हिशेब दिल्याने न्यायासनाचे तेज उणे होत नाही, उलट त्यावरील विश्वास दृढ होतो. परंतु 'अमुक निकाल आमच्याविरुद्ध का गेला' हा रोष मनात धरून कोणी खर्चाचा कागद हाती घेईल, तर तो प्रश्न वरून कितीही सभ्य असला, तरी अधर्माचाच होय.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. उच्च न्यायालयास कर बसविता येत नाही. त्याने घेतलेली फीसुद्धा राज्याच्याच निधीत जमा होते. म्हणजे मताची भीती नसली, तरी सरकारच्या तिजोरीकडे पाहणे चुकत नाही. शिवाय कलम २२९ चे कवच केवळ उच्च न्यायालयास आहे. ज्या तालुक्याच्या कचेरीत गरीब कूळ प्रथम पायरी चढते, तेथील खर्चास ते नाही. तेथे लोकप्रतिनिधींचे मत चालते, आणि म्हणूनच तेथे त्यांचे औदार्य व जागरूकता कसोटीस लागतात.

आमचे वाचक अनेक राज्यांत विखुरलेले आहेत. कोणाचा दावा १९८२ पासून पणजीस असलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे जातो, कोणाचा धारवाडला, कोणाचा इंदूर वा ग्वाल्हेरला. विधानसभा निराळ्या, पण धर्म एकच. आपल्या प्रतिनिधीस आपण एवढेच सांगावे: हिशेब निर्भयपणे विचारा, आणि कौल देवावर सोडा.