पाठीस लागणे

आजचे वाचन : इब्री लोकांस पत्र १२:१-१७
मननासाठी : वचन १४



आजच्या वचनात लेखक आपल्याला दोन गोष्टींच्या पाठीस लागायला सांगतो. पहिली, सर्वांबरोबर शांती. दुसरी, पवित्रता. आणि पुढे म्हणतो की या पवित्रतेवाचून कोणाच्याही दृष्टीस प्रभू पडणार नाही. वचन आपल्यातल्या बहुतेकांना पाठ आहे. पण हे पत्र कोणाला लिहिलं होतं ते आठवा. दहाव्या अध्यायात दिसतं की या लोकांची मालमत्ता लुटली गेली होती, चारचौघांत त्यांची निंदा झाली होती, त्यांचे सोबती तुरुंगात होते. अशा माणसांना लेखक सांगतो, शांतीच्या आणि पवित्रतेच्या मागे धावा. पोट भरलेल्या, सुखात बसलेल्या मंडळीला केलेला हा उपदेश नाही.

मूळ ग्रीक भाषेत इथे जे क्रियापद आहे ते ‘डिओको’. त्याचा अर्थ मागे धावणे, पिच्छा पुरवणे. आणि नव्या करारात ‘छळ करणे’ यासाठीही हेच क्रियापद वापरलं आहे! फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल सांगतो की एके काळी तो मंडळीचा छळ करत होता, आणि थोडं पुढे सांगतो की आता तो ख्रिस्ताने नेमलेल्या ध्येयामागे धावतो आहे. दोन्हीकडे शब्द एकच. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात तर तो लागोपाठच्या दोन वचनांत येतो. अतिथीसत्काराच्या मागे लागा, आणि जे तुमच्या मागे लागले आहेत त्यांना आशीर्वाद द्या.

आपल्या मराठीत हे समजायला कठीण नाही. यात्रेला न्या म्हणून पोरगं बापाच्या पाठीस लागतं, आणि वसुलीसाठी सावकारही कर्जदाराच्या पाठीस लागतो. शब्द तोच, मन वेगळं. म्हणजे वचनाचा प्रश्न असा आहे : लोक तुझ्या पाठीस लागले असतील, पण तू कोणाच्या पाठीस लागला आहेस? त्यांच्याच, की शांतीच्या?

मी अमरावतीत राहतो. महिन्यातून एकदोनदा बडनेऱ्याहून गाडी धरून मूर्तिजापूर, अकोल्याकडे प्रार्थनेसाठी जाणं होतं. त्या बाजूच्या एका गावात आमची एक मावशी आहे. गावाचं नाव लिहीत नाही. मावशी विधवा, शेत नाही, हातावर पोट. तिने विश्वास धरला, घरी प्रार्थना ठेवू लागली, आणि त्या वर्षी कापसाच्या वेचणीला तिला कोणी बोलावलंच नाही. आपल्याकडे वेचणीचे पैसे किलोमागे मिळतात. दसऱ्यापासून पुढचे दोनतीन महिने बाईमाणसाच्या हाती जो काही पैसा येतो तो याच दिवसांत. तो गेला म्हणजे वर्षाचं गणितच मोडलं. कोणी मारलं नाही, कोणी शिवी दिली नाही. फक्त सकाळी बाया निघताना तिच्या दारात हाक आली नाही.

छळ म्हटलं की आपल्याला सिंहाचा पिंजरा आठवतो. बहुतेकांच्या वाट्याला मात्र अशी न आलेली हाक येते. आणि अशा वेळी विश्वासी माणसापुढे जो मोह उभा राहतो त्याचा चेहरा पापासारखा दिसत नाही. तो पवित्रतेसारखाच दिसतो. मन म्हणतं, ते जगाचे, आपण देवाचे. त्यांनी दार लावलं ना, आपणही लावू. देवानेच आपल्याला वेगळं केलं आहे. ‘वेगळे व्हा’ अशी वचनंही लगेच सापडतात.

इथेच मला थांबून विचार करावासा वाटतो. पवित्र म्हणजे वेगळा केलेला, हे खरं. पण कशासाठी वेगळा? देवघरातलं भांडं वेगळं ठेवतात ते वापरायचं नाही म्हणून. दवाखान्यात पूर्वी उकळलेली सुई वेगळी ठेवत ती रोग्याच्या कामी यावी म्हणून. दोन्ही वेगळी, पण हेतू उलट.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं त्यांना त्यांचे वडील आठवत असतील. सोवळ्याचं त्यांना इतकं वेड की घरच्यांचा जीव मेटाकुटीला यावा. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. या घरातली मुलगी कवी नारायण वामन टिळकांना दिली. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांना एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला, आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांचं मन धरलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर फुटलं. आप्तांनी पाठ फिरवली. पत्नी आणि लहानगा दत्तू काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिले.

इथे दुःख कोणाचं मोठं, हे ठरवणं सोपं नाही. आपण साक्षी सांगताना टिळकांचं सांगतो, कारण ते प्रभूसाठी सोसत होते. पण लक्ष्मीबाईंनीही सोसलंच. नवरा जिवंत असून घर नाही, लोकांचे टोमणे, आणि यातलं काहीच त्यांनी निवडलेलं नाही. आपल्या निर्णयाची किंमत दुसरंच कोणी तरी मोजतं, हे विश्वासी माणसाने विसरू नये. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या तेव्हा आपलं सोवळं घेऊनच आल्या. मग हळूहळू, स्वतः विचार करकरून, त्यांच्या मनातली जातीची भिंत पडली. माणसांत भेद देवाने केलेला नाही, हे त्यांचं त्यांनाच पटलं, आणि मग कोणाच्याही हातचं पाणी त्यांना चालू लागलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आधी शेजाऱ्यासाठी दार उघडलं, मग प्रभूसाठी. वचनातही क्रम तोच आहे. आधी सर्वांबरोबर शांती, आणि तिच्या हातात हात घालून पवित्रता.

आपल्या अमरावती जिल्ह्याला तर हे वेगळं सांगायला नको. शेंडगावचे गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. सोवळंही स्वच्छतेसाठी आणि खराटाही स्वच्छतेसाठी. पण सोवळं घाणीपासून लांब पळतं आणि खराटा घाणीत उतरतो. गाडगेबाबा आपल्या मंडळीचे नव्हते, पण या बाबतीत त्यांचा खराटा आपल्याला पुष्कळ शिकवतो. याच अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं. तिकडे अचलपूरजवळ कोठाऱ्याला मिशनचा कुष्ठरोग्यांचा दवाखाना. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढलं त्यांच्याजवळ कोणी तरी गेलं. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू कुष्ठरोग्याला हात लावतो. नियमाप्रमाणे शिवणारा अशुद्ध व्हायचा, इथे शिवलेला शुद्ध झाला. येशूची पवित्रता विटाळत नाही, ती लागते. चांगल्या अर्थाने लागण होते तिची.

आता कोणी म्हणेल, भाऊ, हे बोलायला ठीक आहे. ज्याच्या घरची चूल अडली त्याला शांती कशी सांगता? मुकाट्याने सोसत राहा, हीच का पवित्रता?

नाही. या बाबतीत तीन गोष्टी नीट वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिली. प्रत्येक दुःख म्हणजे छळ नव्हे. कपाशीवर बोंडअळी पडते ती सर्वांच्याच शेतात पडते. पाऊस दगा देतो तो नाव विचारून देत नाही. कर्ज, आजारपण, पोराची न लागलेली नोकरी, हे आपल्या शेजाऱ्याचंही दुःख आहे. त्याला ‘माझा छळ’ म्हटलं की शेजाऱ्याचं दुःख दिसेनासं होतं. आणि पेत्र तर आणखी स्पष्ट सांगतो की दुष्कर्मी म्हणून किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगू नका. आपण कोणाच्या देवाची टवाळी केली आणि तो चिडला, तर ते ख्रिस्तासाठी सोसणं होत नाही. इफिसात दंगल उसळली तेव्हा तिथल्या नगरलेखकानेच सांगितलं की या माणसांनी आमच्या देवीची निंदा केलेली नाही. विरोधकाच्या गावात अशी साक्ष मिळणं, हे पवित्रतेचंच फळ.

दुसरी. शांती म्हणजे गप्प बसणं नव्हे. फिलिप्पैच्या तुरुंगातून पौलाला गुपचूप सोडू लागले तेव्हा तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आपल्यालाही संविधानाच्या कलम २५ ने आपला धर्म मानायचा आणि पाळायचा हक्क दिला आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तो २०१७ पासून लागू आहे. त्याचा आधार घेणं अविश्वास नव्हे. कोणाचं अन्न तोडणं हा अन्याय आहे, आणि अन्यायाला अन्याय म्हणणं हेही सत्याचंच काम. देव आपल्याला शिस्त लावतो असं दहावं वचन सांगतं, पण त्यामुळे दुसऱ्याने केलेलं वाईट चांगलं ठरत नाही. योसेफाने भावांना सांगितलंच ना, तुम्ही वाईट योजलंत, देवाने त्यातून चांगलं घडवलं. वाईट ते वाईटच राहिलं.

तिसरी. मग उरतं काय, तर कडूपणाचं मूळ. पंधराव्या वचनात लेखक त्याच्याविषयी सावध करतो. बहिष्कार बाहेरून येतो, कडूपणा आतून उगवतो. बहिष्कार आपल्या हातात नाही, मूळ उपटणं आपल्या हातात आहे. शेतकऱ्याला सांगायला नको की हराळी वरून कापून भागत नाही, मुळी राहिली की पहिल्या पावसात परत येते. त्याच वचनात म्हटलं आहे की ते मूळ पुष्कळांना बिघडवतं. आपल्या कडूपणाने ज्यांनी छळलं त्यांचं फारसं काही जात नाही, आपलीच लेकरं तो पिऊन मोठी होतात.

त्या मावशीने काय केलं ते सांगतो. ती तंटामुक्ती समितीपुढे गेली. रडली नाही, ओरडली नाही, झालं ते उभी राहून सांगितलं. आणि दुसरं म्हणजे, जिच्या सांगण्यावरून वेचणीची हाक बंद झाली त्या बाईची सासू अंथरुणाला खिळलेली होती. मावशी पूर्वीपासून त्या म्हातारीच्या पायांना तेल लावायला जायची. ते तिने बंद केलं नाही. मी विचारलं, “मावशी, राग नाही येत?” ती म्हणाली, “येते ना बाप्पा, काहून नाही येत. पण त्या म्हातारीच्या पायायनं माह्यं काय बिघडवलं?”

गोड शेवट सांगता आला असता तर बरं वाटलं असतं. आता एक शेतकरी तिला वेचणीला बोलावतो, बाकीचे अजून नाही. त्या सुनेचा बाप्तिस्मा झाला नाही, तिने क्षमाही मागितली नाही. पण वचनाने फळाची तारीख दिलेलीच नाही. अकरावं वचन एवढंच म्हणतं की शिस्त त्या वेळी दुःखाचीच वाटते, आणि शांतीचं फळ ‘नंतर’ मिळतं. तो नंतर कधी, हे पेरणाऱ्याने ठरवायचं नसतं. मावशीने तेल लावलं ते सुनेला जिंकायला नव्हे. म्हातारीचे पाय दुखत होते म्हणून. ज्या दिवशी आपण चांगुलपणाला हत्यार करतो त्या दिवशी तो पवित्र राहत नाही.

प्रियांनो, पवित्रतेवाचून प्रभू दिसत नाही, हे वचन मी पूर्वी धमकीसारखं ऐकत असे. आता ते मला डोळ्याच्या डॉक्टरचं बोलणं वाटतं. मोतीबिंदू असला की समोरचं दिसत नाही, ती शिक्षा नसते, तसंच असतं ते. कडूपणा हा मनाचा मोतीबिंदू आहे. प्रभू तर समोरच उभा असतो, कधी वेचणीला न बोलावलेल्या बाईच्या रूपाने, कधी बोलावू न देणाऱ्या बाईच्या दुखऱ्या सासूच्या रूपाने.

आजच्या दिवसासाठी : तुमच्याशी बोलणं टाकलेल्या एका माणसाचं नाव मनात आणा. त्याच्या घरात कोणाचं काय दुखतं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर आज तेवढंच माहीत करून घ्या, आणि त्यासाठी प्रार्थना करा.

प्रार्थना : हे देवबापा, आमच्या पाठीस जे लागले आहेत त्यांना तू ओळखतोस, आणि आम्हालाही ओळखतोस. ज्यांचं काम तुटलं, ज्यांच्या दारात हाक येत नाही, त्यांच्या चुलीची आठवण ठेव. खरं बोलायला आम्हाला धैर्य दे, आणि ते बोलताना जिभेवर विष येऊ देऊ नको. आमच्या मनातलं कडू मूळ मुळीसकट काढ. तुझ्या पुत्राने हात लावला तसा हात लावायला आम्हाला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.