पूर्ण मनाने चालणारा कालेब
(गणना १४:२४, यहोशवा १४:६–१५)

कालेबाने परमेश्वरास पूर्ण मनाने अनुसरले, अशी साक्ष शास्त्र त्याच्याविषयी देते. कनान देश हेरावयास १२ पुरुष गेले. देश सुपीक आहे, हे सर्वांसच दिसले. परंतु तेथील धिप्पाड लोकांस पाहून १० जणांचे मन खचले. कालेब व यहोशवा हे दोघेच देवाच्या वचनावर विसंबून राहिले.

पुढे काय झाले, ते लक्षात घ्या. अविश्वास इतरांनी केला, परंतु रानातील भटकंती कालेबाच्याही वाट्यास आली. देश हेरला तेव्हा तो ४० वर्षांचा होता. हेब्रोन मागितले तेव्हा ८५ वर्षांचा. मधल्या ४५ वर्षांत त्याने आपल्या लोकांस सोडले नाही व वचनही सोडले नाही. अखेर त्याने मागितला तो डोंगराळ प्रदेशच, जेथे ते धिप्पाड लोक राहत होते!

आमची गोष्ट कशी आहे? बाप्तिस्म्याच्या दिवशी उत्साह पुष्कळ असतो. पण मंडळीत तंटा झाला, की उपासनेतील आमची जागा रिकामी पडते. पीक बुडाले, की घरची प्रार्थना बंद होते. इतरांच्या दोषांकडे बोट दाखवून आम्ही आपले अर्धे मन मागे ठेवितो. आम्ही पाळकही यातून सुटलेले नाही.

पूर्ण मन म्हणजे एका दिवसाचा आवेश नव्हे. इतर मागे फिरले तरी आपण न फिरणे, हेच ते होय. ज्या भावाशी आमचा अबोला आहे, त्याच्या शेजारी येत्या प्रभुवारी जाऊन बसू या. आमच्यापुढील डोंगर बहुधा तोच आहे. तो चढावयास प्रभू आम्हांस कालेबाचे मन देवो. आमेन.